बारा मतं आणि दोन वह्या

10 ऑगस्ट 2022 रोजी गोव्यातल्या 186 ग्रामपंचायतींसाठी मतदान झालं. मी लिहितो आहे ते त्यातल्या एका प्रभागाबद्दल. पेडणे तालुक्यातलं गाव, सात पंचांची पंचायत. आमच्या प्रभागात 512 मतदार, घरं सव्वाशेच्या आसपास. उमेदवार चार. त्यांतला एक माझा चुलतभाऊ, माझ्याहून मोठा, म्हणून दादा. गावाचं नाव मी देत नाही, कुणाचंच देत नाही. ज्यांनी पैसे घेतले ती माणसं आजही माझ्या दारावरून देवळात जातात, आणि ज्यांनी दिले त्यांत मीही होतो.

दादाच्या खर्चाचा हिशेब माझ्याकडे होता. आयुष्यभर शाळेत शिकवलं, हजेरीपटापासून पोषण आहाराच्या नोंदीपर्यंत सगळं लिहायची सवय, म्हणून हे काम माझ्याकडे आपसूकच आलं. त्या पंधरा दिवसांत मी दोन वह्या भरल्या. एक कार्यालयात सादर करायची. दुसरी घरातली, दादाला शेवटी कुणाचं किती देणं आहे ते कळावं म्हणून. हे प्रकरण त्या दोन वह्यांमधल्या अंतराचं आहे.

निकाल 12 ऑगस्टला लागला. मधल्या दिवशी नारळी पौर्णिमा होती आणि गावात कुणाचंच मन सणात नव्हतं. आमच्या प्रभागात 431 जणांनी मतदान केलं, सात मतपत्रिका बाद ठरल्या. निवडून आलेल्याला 171 मतं, दादाला 149, तिसऱ्याला 68, चौथ्याला 36. फरक 22 मतांचा. म्हणजे त्यांच्याकडे गेलेल्यांपैकी बारा माणसांनी आमच्या चिन्हावर शिक्का मारला असता, तर दादा पंच झाला असता. बारा माणसं म्हणजे आमच्या वाड्यावरची तीन घरं.

पंचायतीच्या निवडणुकीत पैसा पाचशे मतांसाठी लागतच नाही. तीनशे-साडेतीनशे मतं नात्याने, वाड्याने, जुन्या भांडणाने आणि देवळातल्या मानपानाने आधीच ठरलेली असतात. पैसा लागतो उरलेल्या थोड्या घरांसाठी. ती घरं कोणती, हे चारही उमेदवारांना नावानिशी ठाऊक असतं. मोठ्या निवडणुकीत पैसा वाऱ्यावर उधळावा लागतो, इथे तो मोजून, उंबरठा पाहून ठेवता येतो. म्हणून रक्कम थोडी असली तरी तिचा घाव वर्मी बसतो.

हे फक्त प्रभागापुरतं नाही. त्याच वर्षी फेब्रुवारीत झालेल्या विधानसभा निवडणुकीत फोंड्याचा निकाल 77 मतांनी लागला, सांत आंद्रेचा 76 मतांनी, आणि खुद्द मुख्यमंत्री प्रमोद सावंत साखळीत 666 मतांनी निवडून आले. आपल्या राज्यात विधानसभेचा मतदारसंघही तेव्हा सरासरी 28-29 हजार मतदारांचा. महाराष्ट्रात एवढ्या मतदारांवर नगरपालिका चालते. गोव्याचं हे लहानपण एरवी मोठं सुख आहे. आमदाराला बाजारात मासे घेताना गाठता येतं. पण ज्याच्याकडे पैसा आहे त्यालाही मतदार तितकाच सहज गाठता येतो.

वेळ आणि जागा

पंचायतींची मुदत त्या वर्षी जूनमध्ये संपली. सरकारला निवडणूक पावसाळ्यानंतर घ्यायची होती. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने 45 दिवसांत घ्या असं सांगितलं आणि तारीख ऐन श्रावणात आली. न्यायालयाचं बरोबरच होतं, मुदत संपलेल्या पंचायती प्रशासकाच्या हाती सोपवून बसणं चांगलं नव्हे. पण जुलै अखेरीस अर्ज मागे घेण्याची मुदत संपली आणि प्रचाराला जेमतेम दोन आठवडे मिळाले. शेतात लावणीची कामं, वरून पाऊस, वाड्यावाड्यांतल्या वाटा चिखलाने भरलेल्या. अशा दोन आठवड्यांत नव्याने सुरुवात करणारा माणूस किती घरं फिरणार? ज्याची पेरणी पाच वर्षं चालली होती, त्याला मात्र हे दोन आठवडे नुसते कापणीचे होते.

जागेचंही सांगितलं पाहिजे. आमच्याच तालुक्यातल्या मोपाच्या पठारावरचा विमानतळ तेव्हा पूर्ण होत आला होता. त्याचं उद्घाटन त्याच वर्षी डिसेंबरात झालं. महामार्ग रुंद झाला. ज्या डोंगरउतारावर काजूशिवाय काही होत नव्हतं, तिथे बाहेरच्या गाड्या थांबून माणसं मोबाइलवर नकाशे बघू लागली. आमच्या लहानपणी पंच होणं म्हणजे पायवाटेला फरशी घालून घेणं, विहिरीला कठडा बांधून घेणं. आता गावातल्या पंचायतीची सही कितीतरी मोठ्या व्यवहाराला लागते. पंचायत राज कायदा, 1994 च्या कलम 66 प्रमाणे बांधकामाचा परवाना पंचायत देते. नगरनियोजन खात्याची तांत्रिक मंजुरी आधी लागते हे खरं, पण शेवटचा कागद गावातूनच निघतो. घर क्रमांक, व्यवसायाचा परवाना, ना हरकत दाखला, सगळं तिथेच. पंचाचं मानधन महिन्याला काही हजार रुपये. तेवढ्यासाठी कुणी लाखभर रुपये घालत असेल, तर त्याची नजर मानधनावर नाही हे समजायला फार शिक्षण लागत नाही.

दादा उभा राहिला तोही याच कारणाने. त्याचं किराणा मालाचं लहानसं दुकान आहे. ग्रामसभेत उठून बोलणाऱ्या चार-पाच जणांपैकी तो एक. डोंगर कापायला, झऱ्याच्या वरच्या अंगाला माती टाकायला त्याने दोनदा लेखी हरकत घेतली होती. त्या झऱ्याचं पाणी खालच्या वाड्यातल्या कुळागरांना, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागांना जातं. लोक त्याला मान देत. तेवढा मान पुरेल असं त्याला वाटलं, मलाही वाटलं.

समोरचा माणूस

निवडून आलेल्या माणसाबद्दल मला मनापासून न्यायाने लिहायचं आहे, कारण या प्रकरणातला सगळ्यात अवघड भाग तोच आहे.

त्यांचे जेसीबी आहेत, टिप्पर आहेत. माती काढणं, भर घालणं, पाया खणणं हा धंदा. गेल्या पाच-सात वर्षांत आमच्या वाड्यावर रात्री-अपरात्री कुणाला छातीत दुखलं, बाळंतपणाची वेळ आली, तर पहिला फोन त्यांना जाई. ते गाडी काढत. म्हापशाचं जिल्हा इस्पितळ असो की बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज, स्वतः नेत, कागद करून देत, सकाळी परत आणत. पैसे घेत नसत. माझ्या स्वतःच्या मेहुणीला त्यांनी एकदा नेलं आहे. हे उपकार आहेत आणि ते खोटे नव्हेत.

पण त्याच हाताने दुसरंही होत होतं. चतुर्थीला ठरावीक घरी साखर, गूळ, रवा, नारळ यांची पिशवी. मे महिन्यात बायकांची दोन बसगाड्या भरून तुळजापूर-पंढरपूरची यात्रा. पोरांच्या क्रिकेट संघाला टी-शर्ट, शिगम्याच्या रोमटाला म्हणजे मिरवणुकीला ढोल, दिवाळीच्या नरकासुराला वर्गणी. आणि या सगळ्याच्या मुळाशी उधारी. घराच्या अंगणात भर घालून दिली, बिल नंतर बघू. मुलाच्या कॉलेजची फी भरली, जमेल तेव्हा दे. कुणाच्या छपराचे पत्रे. ही देणी त्यांनी कधी मागितली नाहीत. न मागितलेलं देणं फार जड असतं. माणूस वाटेत भेटला की मान आपोआप खाली जाते.

मी हिशेबाला बसलो तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. यातला एकही रुपया निवडणुकीचा खर्च नव्हता. कायद्याच्या नजरेने बघितलं तर तो दानधर्म होता, फार तर धंद्यातली उधारी. विधानसभा-लोकसभेसाठी लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम 77 आहे; त्यात उमेदवारी अर्ज भरल्याच्या दिवसापासून निकालाच्या दिवसापर्यंतचा खर्च मोजतात. स्थानिक निवडणुकीतही मोजणी होते ती त्या दोन-अडीच आठवड्यांचीच. त्याआधीची पाच वर्षं कुठल्याच वहीत येत नाहीत.

पहिली वही

पहिल्या वहीत दादाचा खर्च 21,600 रुपये. पत्रकांची छपाई, चार बॅनर, एक भाड्याची रिक्षा, ध्वनिक्षेपक, कार्यकर्त्यांचा चहा. प्रत्येक नोंदीला पावती. मी ती नीट शिवून, पानांना क्रमांक घालून सादर केली. कुणी एक प्रश्न विचारला नाही. पुढे माहिती अधिकारात दहा रुपये भरून मी चारही उमेदवारांचे हिशेब मागवले. चौघांच्या कागदांत छपाई, बॅनर, वाहन, चहा हेच चार रकाने होते आणि चारही बेरजा मर्यादेच्या आत सुखाने बसल्या होत्या. आपला प्रभाग जणू एखाद्या आदर्श पाठात असावा तसा दिसत होता. त्या दिवशी ते कागद पुढ्यात घेऊन बसलो असताना मला स्वतःची लाज वाटली, कारण त्यातला एक कागद माझ्या हस्ताक्षरात होता.

दुसरी वही

दुसऱ्या वहीत बेरीज आहे 1,21,100 रुपये. पहिल्या वहीतले 21,600 त्यात धरून.

त्यातले 38,000 घरातल्या जेवणाचे. प्रचाराच्या दिवसांत दादाच्या घरी दोन वेळा चूल शांत नव्हती. वहिनी, तिच्या दोन जावा आणि शेजारची एक बाई, चौघी मिळून रोज पंचवीस-तीस माणसांचं रांधत. श्रावण असल्यामुळे मासळी-मटण नाही, म्हणून डाळ, भात, अळूचं फदफदं, खतखतं, सोलकढी यांवर निभावलं. पोरांच्या पेट्रोलचे 14,500. मे महिन्यातच, समोरून टी-शर्ट आले म्हणून, आमच्याकडूनही दुसऱ्या एका संघाला 9,000 चे टी-शर्ट गेले. श्रावणातल्या भजनी सप्ताहाला 10,000. एरवी दादा 501 देत असे.

उरले 28,000. त्यांच्यापुढे मी वहीत काही लिहिलेलं नाही. नुसता आकडा आहे आणि 9 ऑगस्ट ही तारीख.

पैसे कुठून आले तेही त्याच वहीत आहे. दुकानाच्या मालासाठी ठेवलेले चाळीस हजार, माझे पंधरा, मेहुण्याकडचे वीस, आणि बाकीच्यासाठी वहिनीच्या बांगड्या तारण. त्या सोडवायला चौदा महिने लागले. समोरच्या माणसाला हरल्याने फारसं काही गमवावं लागलं नसतं, त्यांचे टिप्पर दुसऱ्या दिवशीही चाललेच असते. दादाच्या घरात मात्र त्या वर्षीची दिवाळी उधारीत गेली. उभं राहण्याची किंमत दोन माणसांना सारखी पडत नाही, हे कुठल्याही खर्चमर्यादेत दिसत नाही.

9 ऑगस्टची रात्र

प्रचार थांबला की खरी हालचाल सुरू होते, हे गावात सगळ्यांना माहीत आहे. त्या संध्याकाळी पोरं सांगत आली: खालच्या वाड्यात पाकिटं फिरली, मताला हजार. देवळामागच्या दोन घरांतल्या कर्त्या माणसांना नारळावर हात ठेवायला लावला. मुंबईला, पर्वरीला, म्हापशाला राहणारी पण नाव अजून गावातच असलेली माणसं आणायला तीन गाड्या ठरल्या. श्रावण संपला, चतुर्थी झाली की अमुक बारमध्ये जेवण, असंही सांगून ठेवलेलं.

शपथेबद्दल इथेच सांगतो. त्याच वर्षी जानेवारीत काँग्रेसच्या उमेदवारांनी पक्षांतर करणार नाही म्हणून पणजीच्या महालक्ष्मीच्या देवळात, बांबोळीच्या खुरसाकडे (क्रुसाकडे) आणि बेतीच्या दर्ग्यात शपथ घेतली होती. सप्टेंबरात त्यांच्या अकरा आमदारांपैकी आठ भाजपमध्ये गेले. लोकांनी ते पाहिलं, दोन दिवस बोलले आणि विसरले. पण आमच्या प्रभागात नारळावर हात ठेवलेल्या घरांपैकी एकानेही शब्द फिरवला नाही, हे मी खात्रीने सांगतो. गरीब माणसाला आपल्या देवाजवळच राहायचं असतं.

दादा पैसे द्यायला तयार नव्हता. तो ओटीवर खांबाला टेकून बसून राहिला. पोरांचं म्हणणं होतं, पंधरा दिवस आम्ही भिजलो ते फुकट घालवू नका. वहिनी आतून आली आणि म्हणाली, "बांगड्या गेल्याच आहेत, आता थोड्यासाठी अडू नका." दादाने माझ्याकडे पाहिलं. मी त्याचा धाकटा भाऊ, पण हिशेब माझ्याकडे, शिकलेला मी. त्या वेळी मी "नको दादा" म्हटलं असतं तर तो थांबला असता. मी म्हणालो, "चौदा घरं आहेत. दोन-दोन हजार." हे वाक्य मी आजही विसरू शकत नाही.

चौदातली दोन पाकिटं मी स्वतः नेली, कारण ती माझ्या माजी विद्यार्थ्यांची घरं होती. पहिल्या घरात मुलगा काही न बोलता पाकीट घेऊन आत गेला. दुसऱ्या घरात विद्यार्थ्याची आई बाहेर आली. तिने मला पाट दिला, पाणी दिलं, पाकीट घेतलं आणि शांतपणे म्हणाली, "मास्तरांनू, आमच्या घरात चार मतां. दोन तेका, दोन तुमका. कोणाचा रीण ठेवूचा नाय."

त्या बाईला मी दोष देत नाही. तिने दोन्हीकडचं घेतलं होतं आणि दोन्हीकडचं फेडायचं ठरवलं होतं. खाल्ल्या मिठाला जागावं, हे तिला जन्मापासून शिकवलेलं. शाळेत मीही तेच शिकवलं. पैसा आमच्या वाईटपणाला हात घालत नाही, तो आमच्या चांगुलपणालाच हात घालतो. कृतज्ञता, शब्द पाळणं, देवाची भीती, शेजारधर्म. मत विकलं असं त्या घरातल्या कुणालाही वाटत नव्हतं. त्यांच्या दृष्टीने ती परतफेड होती. म्हणून "मत विकू नका" अशी भिंतीवरची वाक्यं आमच्या वाड्यात कुणाला लागू होत नाहीत.

पाकिटांचा उपयोग किती झाला, तेही मोजलं. मतदानानंतर पोरांनी त्या चौदा घरांतली 51 मतं धरून अंदाज बांधला होता. आमच्याकडे त्यातली पंचवीस-तीस आली असावीत, आणि तीही बहुतेक पैसे दिले नसते तरी आलीच असती. आम्ही 28,000 रुपये दिले ते मतांसाठी कमी आणि आमच्या घाबरण्यासाठी जास्त. समोरच्या माणसाच्या हजाराला पाठीमागे पाच वर्षांच्या रात्री होत्या, आमच्या पाकिटाला काहीच नव्हतं. उलट सकाळी चहाच्या टपरीवर कुणीतरी म्हणालं, "हेही तसेच." ते दादाने ऐकलं. माझ्या मते आम्ही तिथे हरलो, बावीस मतांनी हरायच्या आधीच.

सात जणांतलं एक मत

प्रभागातलं प्रकरण इथे संपतं, पण पैशाचं संपत नाही. पंच निवडून आले की ते आपसांत सरपंच निवडतात. आमच्याकडे सात, म्हणजे चार जमले की सत्ता. निकालानंतर चार पंच गावातून दिसेनासे झाले. आंबोलीच्या पलीकडे कुठेतरी सहलीला आहेत एवढं घरच्यांनी सांगितलं. सरपंच निवडीच्या दिवशी एका गाडीतून उतरले, हात वर केले. कुणी किती महिने खुर्चीवर बसायचं तेही आधीच ठरलेलं. दीड वर्षाने त्यातला एक फुटला आणि अविश्वास ठराव आला.

पंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही. म्हणून कुणी पक्ष सोडला असं म्हणता येत नाही आणि पक्षांतराचा कायदा इथे पोचत नाही. पण आमदाराचं पॅनेल कोणतं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पाचशेतलं एक मत हजाराला मिळत असेल, तर सातांतल्या एका मताची किंमत काय असेल? प्रभागातला पैसा किरकोळीचा आहे, घाऊक व्यवहार त्या गाडीत होतो. भरारी पथकं टपऱ्यांवर आणि नाक्यांवर फिरतात. त्या गाडीपर्यंत ती कधी पोचत नाहीत, कारण तोपर्यंत आचारसंहिताच उठलेली असते.

सरपंच निवडीनंतर आठ महिन्यांत झऱ्याच्या वरच्या उतारावर जेसीबी लागला. दादाने तिसरी हरकत दिली. या वेळी ग्रामसभेत त्याच्या बाजूने तिघे उठले, पूर्वी बारा-पंधरा उठायचे. निवडणूक हरलेल्या माणसाची हरकत लोकांना हरकत वाटत नाही, राग वाटतो. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत मोठं नुकसान हेच दिसतं. दादा पंच झाला नाही याचं दुःख ओसरलं, पण गावाने ग्रामसभेत उठून बोलणारा एक माणूस गमावला.

कायद्याचा हात कुठवर

मतासाठी पैसे देणं हा गुन्हा आहे आणि घेणं हाही. तेव्हा भारतीय दंड विधानाची 171-ब आणि 171-ई ही कलमं होती, जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेची 170 आणि 173. शिक्षा एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. मात्र नुसतं खाऊ-पिऊ घातलं असेल तर फक्त दंड. म्हणजे त्या रात्री मी केलं तो गुन्हाच होता, आणि पाटावर बसवून पाणी देणाऱ्या त्या बाईनेही केला. दोघेही गुन्हेगार असल्यावर तक्रार कोण करणार? हिशेब न ठेवण्याला जुन्या कायद्यात दंड होता पाचशे रुपये. न्याय संहितेत तो पाच हजार झाला. आमच्या प्रभागात पाच हजार म्हणजे पाच मतं.

वरच्या पातळीवरही हे ओढाताणीचंच आहे. 1974 मध्ये कंवरलाल गुप्ता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्च उमेदवाराच्याच हिशेबात धरावा. संसदेने त्याच वर्षी कायद्यात स्पष्टीकरण घालून तो निकाल निष्प्रभ केला. 2003 मध्ये ती पळवाट काही प्रमाणात आवळली गेली. गोव्यापुरतं बघायचं तर मार्च 2021 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल महत्त्वाचा आहे. नगरपालिकांच्या प्रभाग आरक्षणावरून आलेल्या त्या खटल्यात न्यायालयाने सांगितलं की सरकारी पदावर असलेल्या माणसाकडे राज्य निवडणूक आयुक्तपद देता येणार नाही. आमच्याकडे तेव्हा कायदा सचिवांकडे तो अतिरिक्त भार होता. हा निकाल मी ग्रामसभेत एकदा वाचून दाखवला. आयोग सरकारच्या हाताबाहेर असेल तरच कुणी चार प्रभागांचे हिशेब उघडून विचारेल की चहाचे पैसे चौघांचे सारखेच कसे?

आरक्षणाचंही त्यातच येतं. कोणता प्रभाग महिलांसाठी, कोणता मागासवर्गासाठी, हे अगदी शेवटी जाहीर होतं. पैसेवाल्याला फरक पडत नाही. प्रभाग महिलेसाठी गेला तर बायकोला उभी करतो, उधारीची वही तीच राहते. जो नुसत्या कामावर उभा राहू पाहतो त्याची दोन वर्षांची पायपीट मात्र एका अधिसूचनेने वाया जाते. निदान वर्षभर आधी आरक्षण कळलं तरी पुष्कळ झालं.

माझा स्वतःचा भरवसा मात्र पथकांपेक्षा ग्रामसभेवर आहे. वर्षातून चार वेळा ती भरते. निवडणुकीनंतरच्या पहिल्या सभेत प्रत्येक उमेदवाराचा हिशेब मोठ्याने वाचावा, एवढाच ठराव मी 2023 च्या जानेवारीत मांडला. "बॅनर चार, चहा तीन हजार" असं सगळ्या वाड्यासमोर वाचलं गेलं की ज्यांनी त्या चुलीवर जेवण रांधलं त्या बायका एकमेकींकडे बघतील. तेवढं पुरे होतं. ठराव नोंदवहीत घेतला गेला नाही. सचिव म्हणाले, हा पंचायतीच्या अखत्यारीतला विषय नाही. मी पुढच्या सभेत पुन्हा मांडला. त्या दिवशी माझ्या बाजूने बोलायला उठली ती दादाची मुलगी.

पुढची पंचायत निवडणूक 2027 मध्ये यायची आहे. दादाची मुलगी उभी राहायचं म्हणते. गेल्या चतुर्थीत आरती झाल्यावर माटोळीखाली, गणपतीवर बांधलेल्या फळाफुलांच्या मांडवीखाली बसून तिने मला विचारलं, "काका, हिशेब तुम्हीच ठेवाल ना?" मी म्हटलं, ठेवीन, पण वही एकच असेल आणि ती आजपासून सुरू होईल. तिने आत जाऊन शंभर पानी वही आणली. पहिल्या पानावर मी त्या दिवसाची तारीख घातली आणि खाली लिहिलं: सार्वजनिक गणपतीची वर्गणी, 501 रुपये, पावती जोडली आहे.